अळीच्या पोटात पानाचे काय होते?

कढीपत्त्याच्या कुंडीवर कितीही जीव लावा, वर्षातून एकदोनदा तिच्यावर धाड पडतेच. सकाळी फोडणीसाठी दोन डहाळ्या तोडायला जावे, तर कोवळे शेंडे गायब आणि मागे नुसत्या काड्या! नीट न्याहाळले, तर एखाद्या पानावर पाखराच्या शिटेसारखा काळपट-पांढरा ठिपका दिसतो. तो ठिपका चालू लागला, की चोर सापडतो. ही लिंबावरच्या फुलपाखराची अळी. लिंबू, संत्रे, मोसंबी, बेल आणि कढीपत्ता ही सारी एकाच कुळातली झाडे, त्यामुळे तिला कुठलेही चालते. काही दिवसांनी कात टाकून ती पानासारखीच हिरवीगार होते. बोट लावले, तर डोक्यामागून तांबूस दुबेळके शिंग बाहेर काढून असा उग्र दर्प सोडते, की आपण हात मागे घ्यावा. महाराष्ट्राने २०१५ साली ज्याला राज्य फुलपाखराचा मान दिला, ते नीलवंतही याच गोतावळ्यातले.

बहुतेक घरांत या अळीची रवानगी लगेच कचऱ्यात होते. त्याबद्दल गृहिणींना दोष देता येणार नाही. पण टाकण्यापूर्वी एक प्रश्न मनात यायला हरकत नाही. नुसता पाला खाऊन ही इतकी धष्टपुष्ट होते तरी कशी? पालेभाजी खाऊन कोणी जाड झाल्याचे आपल्या ऐकिवात नाही. उलट वजन उतरवायचे असले, की डॉक्टर पालेभाजीच सुचवतात. मग या बोटभर जिवाला पानातून असे काय मिळते, जे आपल्याला मिळत नाही?

पंचवीस दिवसांत दहा हजार पट

ज्या अळीच्या खाण्यापिण्याचा माणसाने सर्वांत बारकाईने हिशेब ठेवला आहे, ती म्हणजे रेशमाची अळी. तिच्या खाण्यावर लाखो घरांची चूल पेटते, म्हणून हा हिशेब. अंड्यातून बाहेर पडते तेव्हा तिचे वजन जेमतेम अर्धा मिलिग्रॅम असते. पंचवीसएक दिवसांनी कोष विणायला बसते, तेव्हा ते चार-पाच ग्रॅम झालेले असते. म्हणजे सुमारे दहा हजार पट! तीन किलोचे तान्हे बाळ याच वेगाने वाढले, तर महिना संपायच्या आत त्याचे वजन तीस टन होईल. पाच-सहा मोठे हत्ती एका पाळण्यात घातल्यासारखे.

एवढ्या काळात एक अळी वीस-पंचवीस ग्रॅम तुतीचा ओला पाला फस्त करते. आकडा लहान वाटतो. पण शेतकरी एका वेळी शंभर अंडीपुंज घेतो, तेव्हा त्यांतून चाळीस-पन्नास हजार अळ्या निघतात आणि त्यांना मिळून साधारण एक टन पाला लागतो. गंमत म्हणजे त्यातला चार-पंचमांशाहून अधिक पाला त्या अखेरच्या, पाचव्या अवस्थेत खातात. ही अवस्था सात-आठ दिवसांची. त्या आठवड्यात रेशीमशेती करणाऱ्या घरात कोणाला नीट झोप मिळत नाही. रात्री संगोपनगृहात शिरले, तर पत्र्यावर पावसाची भुरभुर पडावी तसा बारीक आवाज येत असतो. तो हजारो जबड्यांचा आवाज.

हा आटापिटा कशासाठी? तर पुढे उपास आहे म्हणून. कोषातून बाहेर येणाऱ्या रेशीमपतंगाला कामाचे तोंडच नसते. तो काहीही खात नाही. जोडीदार शोधणे आणि मादीने चार-पाचशे अंडी घालणे, हे सारे अळीपणी साठवलेल्या शिदोरीवरच चालते. अंगावर ल्यायचे रेशीम हेही त्याच पाल्याचे रूप आहे. रेशीम म्हणजे निव्वळ प्रथिन, आणि त्यातले बहुतेक शेवटच्या आठवड्यात खाल्लेल्या पानांतून येते. पैठणीचा पोत आणि तुतीच्या पानातले नत्र यांचा असा थेट संबंध आहे.

पान हे तसे निकस अन्न

पान दिसते टवटवीत, पण अन्न म्हणून ते कंजूष आहे. त्यात तीन-चतुर्थांश किंवा त्याहून जास्त पाणी. उरलेल्या कोरड्या भागात मोठा वाटा सेल्युलोजचा, म्हणजे ज्याचा कागद आणि कापूस बनतो त्याच धाग्याचा. अंग भरायला लागते ते नत्र, आणि ते कोरड्या वजनाच्या दोन-चार टक्के. अळीच्या स्वतःच्या शरीरात मात्र त्याचे प्रमाण याच्या दुप्पट-तिप्पट असते. म्हणजे विटा हव्यात, पण येतात वाळूचे ट्रक, अशी स्थिती.

गाय-म्हैस हाच पाला खातात, पण त्यांची युक्ती निराळी. त्यांच्या पोटात चार कप्पे आणि कोट्यवधी जिवाणूंचा कारखाना असतो. चारा कुजवायचा, पुन्हा तोंडात आणायचा, रवंथ करायचे, तासन्‌तास आंबवायचे. अळीला हे परवडत नाही. तिला वेळच नाही. तिच्या आतड्यात स्वतःचे असे जिवाणूंचे बिऱ्हाडही जवळजवळ नसते. अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी शंभराहून अधिक जातींच्या अळ्या तपासून २०१७ साली हे दाखवून दिले, तेव्हा या विषयातल्या जाणकारांनाही नवल वाटले. आतड्यात जे काही थोडे जिवाणू सापडले, ते पानाबरोबर आत गेलेले वाटसरू होते. तंबाखूवरच्या अळीला प्रतिजैविके खाऊ घालून ते वाटसरूही कमी केले, तरी तिच्या वाढीत फरक पडला नाही.

मग अळी करते काय? ती सेल्युलोजच्या वाटेलाच जात नाही. पानाचे छोटे छोटे तुकडे कातरायचे, फारसे न चावता गिळायचे, पेशींतून जो रस सुटेल तो शोषायचा आणि चोथा दोन-तीन तासांत मागून बाहेर. उसाच्या चरकासारखा कारभार! पुढून कांडे आत, रस बाजूला, चिपाड बाहेर. तिचे शरीर म्हणजे एक लांबट सरळ आतडे आणि त्याभोवती कातडीची पिशवी, असे म्हटले तरी फारसे चुकणार नाही. खाल्लेल्या कोरड्या पाल्यातला निम्म्याहून कमी भाग अंगी लागतो, बाकीचा लेंड्यांच्या रूपाने खाली पडतो. भिंगातून पाहिल्यास या लेंड्या मोठ्या रेखीव असतात, सहा खाचांच्या. आतड्याच्या शेवटच्या भागाला जशा घड्या, तसा त्यांचा साचा. रेशीमवाले शेतकरी त्या शेतात खत म्हणून टाकतात. तुतीचे नत्र पुन्हा तुतीला.

आपल्या पोटात आम्ल, तिच्या पोटात क्षार

पण अळीच्या पचनातली खरी खुबी वेगळीच आहे. आपले जठर आम्लाने भरलेले असते. ते जास्त झाले की आपण ‘ॲसिडिटी झाली’ म्हणतो. अळीच्या पोटात नेमके उलटे आहे. तिच्या मधल्या आतड्यातला रस कमालीचा क्षारयुक्त असतो. आम्ल-क्षार मोजायची जी पीएच नावाची पट्टी आहे, तिच्यावर सात हा मध्यबिंदू. आपले जठर दोनच्या आसपास, साबणाचे पाणी नऊ-दहा, चुन्याची निवळी बाराच्या पुढे. रेशमाच्या किंवा तंबाखूवरच्या अळीचे आतडे दहा-अकरापर्यंत जाते. साबणाच्या पाण्याहूनही तीव्र रस पोटात घेऊन ही नाजूक दिसणारी अळी पानावर सुखाने बसलेली असते! सजीवांच्या शरीरात इतका तीव्र क्षार क्वचितच कुठे आढळतो. तो तयार करण्यासाठी आतड्याच्या भिंतीतल्या खास पेशी पोटॅशियमचे कण सतत आत ढकलत राहतात, आणि अळीची बरीच ताकद या कामी खर्च होते.

हा खर्च कशासाठी? त्याचे उत्तर आपल्या चहाच्या कपात आहे. कोरा चहा जिभेला तुरट लागतो, कारण त्यातली टॅनिनवर्गीय द्रव्ये जिभेवरच्या प्रथिनांना घट्ट धरतात. दूध घातले, की ती दुधातल्या प्रथिनांना चिकटतात आणि तुरटपणा कमी होतो. असंख्य झाडांच्या पानांत अशी तुरट द्रव्ये असतात. अळीच्या पोटात ती प्रथिनांना चिकटून बसली, तर पानातले थोडेबहुत प्रथिनही पचायचे नाही. तीव्र क्षारात मात्र ही पकड सैल पडते आणि प्रथिन मोकळे होते. शिवाय आतड्याच्या आत एक तलम, जाळीदार अस्तर असते. पानाचे धारदार तुकडे आणि विषारी द्रव्ये थेट पेशींना भिडू नयेत, म्हणून केलेली ही सोय.

तुतीचा चीक

तुती तर रेशमाच्या अळीची हक्काची अन्नपूर्णा. पण तीच तुती इतर अळ्यांना विष आहे, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. पान तोडले की देठातून पांढरा चीक येतो. जपानी संशोधकांनी २००६ साली दाखवले, की या चिकात साखरेचे सोंग घेतलेली काही अल्कलॉइडे असतात. अळीच्या पोटातील साखर पचवणारे पाचक रस त्यांच्याशी गुंततात आणि खरी साखर तशीच पडून राहते. आसामात एरंडाच्या पानांवर वाढणारी एरी रेशमाची अळी ही एका अर्थाने आपल्या रेशीमअळीची लांबची बहीण. तिला तुतीची पाने दिली, तर ती मरते. चीक काढून टाकलेली पाने दिली, तर वाढते. रेशमाच्या अळीकडे मात्र साखर पचवणारा असा एक पाचक रस आहे, की तो या सोंगाला फसत नाही. हजारो वर्षे तिने तुतीचे ताट सोडले नाही, यामागे ही किल्ली आहे.

म्हणूनच भारतात रेशमाचा नकाशा हा मुळात झाडांचा नकाशा आहे. कर्नाटकात तुती, आसामात मुग्यासाठी सोम आणि सोआलू, एरीसाठी एरंड, तर झारखंड, छत्तीसगड आणि आपल्या गडचिरोली-भंडाऱ्याच्या जंगलांत टसरसाठी ऐन आणि अर्जुन. ही चारही रेशमे ज्या देशात तयार होतात, असा आपला देश. प्रत्येकीचे रूप वेगळे, कारण अळी वेगळी, आणि तिचे ताट वेगळे.

ताटातली चूक कोषात दिसते

अळीला ‘पान म्हणजे पान’ असे चालत नाही. तुतीच्या एकाच फांदीवर शेंड्याचे पान लुसलुशीत, पाण्याने आणि प्रथिनाने भरलेले, तर बुंध्याजवळचे जाड, राठ. नुकत्या जन्मलेल्या अळीला राठ पान चावतही नाही आणि पचतही नाही. म्हणून पहिल्या दोन अवस्थांत, ज्याला रेशीमवाले ‘चॉकी’ म्हणतात, शेंड्याजवळची कोवळी पाने बारीक चिरून द्यायची. जसे आपण बाळाला आधी पेज आणि मग मऊ भात देतो. मोठ्या अळीला फांद्याच्या फांद्या अंथरल्या तरी चालतात. चॉकीतच आबाळ झाली, तर पुढे कितीही उत्तम पाला घाला, अळ्या लहानमोठ्या होतात, एकसारख्या वाढत नाहीत, एकाच वेळी कात टाकत नाहीत. निम्म्या खाताहेत आणि निम्म्या झोपल्या आहेत, अशा रॅकवर काम करणे म्हणजे डोकेदुखी.

कात टाकतानाही पथ्य असते. अळी आयुष्यात चारदा कात टाकते आणि दर वेळी जवळजवळ एक दिवस अन्न वर्ज्य करते. त्या वेळी पाला घालायचा नाही, वरून चुन्याची भुकटी भुरभुरायची, म्हणजे बिछाना कोरडा राहतो. बहुतेक सगळ्या उठल्या, की मगच पुन्हा पान. आणि ओले पान तर कधीच नाही. पावसाळ्यात घाईघाईने भिजलेला पाला आणून टाकला, की रॅकवर दमटपणा वाढतो, आतड्याचे रोग पसरतात, अळ्या मऊ पडतात, काळ्या होतात आणि दुर्गंधी सुटते. हे बहुधा शेवटच्या आठवड्यातच घडते, म्हणजे पाल्याचा, मजुरीचा सगळा खर्च होऊन गेल्यावर. महिनाभराची मेहनत दोन दिवसांत उकिरड्यावर टाकावी लागते. बीड-जालन्याकडे आज कित्येक कुटुंबे कापसाला जोड म्हणून तुतीकडे वळली आहेत. त्यांच्यासाठी अळीचे पोट बिघडणे म्हणजे घरातल्या माणसाचे दुखणे काढण्यासारखेच असते.

निकस अन्न मिळाले तर अळी काय करते, याचेही उत्तर मोठे बोलके आहे. पानात नत्र कमी असेल, तर अनेक जातींच्या अळ्या जास्त खातात. दुधात पाणी घालणारा गवळी भेटला, की आपण अर्ध्या लिटरऐवजी पाऊण लिटर घेतो, तसे. पण पोटाला मर्यादा असते. मग वाढ रेंगाळते, काही जातींत एक-दोन कात जास्त टाकाव्या लागतात, आणि जितके दिवस वाढतील तितके दिवस पाखरे, कोळी आणि गांधीलमाश्या यांच्या तोंडी जाण्याचा धोका. तंबाखूवरच्या अळीत शास्त्रज्ञांना असेही आढळले, की तिच्या शरीराला एक ठरावीक वजन ‘कळते’. ते गाठण्याआधी उपास घडला, तर कोश करण्याचे काम लांबणीवर पडते. ते वजन ओलांडल्यानंतर अन्न तोडले, तरी कोश ठरल्या वेळीच होतो, फक्त त्यातून बाहेर येणारा पतंग किरकोळ अंगाचा निघतो. एकदा तिथी ठरली की ठरली.

हरभऱ्याची आंब

झाडेही हात बांधून बसत नाहीत. १९७२ साली अमेरिकेतील क्लॅरेन्स रायन आणि त्यांच्या सहकाऱ्याने दाखवले, की बटाट्या-टोमॅटोचे एक पान किडीने कुरतडले, की काही तासांत झाडाच्या इतर पानांतही एक द्रव्य साठू लागते. ते खाणाऱ्याच्या पोटातील प्रथिने पचवणारे रस निकामी करते. म्हणजे झाड किडीला मारत नाही, तिला अपचन करते!

आपल्याकडचे उदाहरण याहून चविष्ट आहे. थंडीत पहाटे हरभऱ्याच्या शेतावर स्वच्छ फडके पसरून त्यावर जमलेले आंबट दव पिळून घ्यायची जुनी रीत आहे. ही हरभऱ्याची आंब. अजीर्णावर, पोटदुखीवर ती आजीच्या बटव्यात असायची. हा आंबटपणा दवाचा नव्हे, तर हरभऱ्याच्या पानांवरच्या बारीक लवेतून पाझरणाऱ्या मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्लाचा. हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील ‘इक्रिसॅट’ या संस्थेत झालेल्या संशोधनातून १९९५ साली असे पुढे आले, की यातले ऑक्झॅलिक आम्ल घाटे अळीची वाढ रोखते. जी आंब आपले पोट सुधारायला म्हणून घेतली जाई, तीच अळीचे पोट बिघडवते.

तरीही घाटे अळी हरभरा सोडत नाही, हे कोणत्याही शेतकऱ्याला सांगायला नको. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी १९९८ साली त्याचे एक कारण दाखवले. हरभऱ्याच्या दाण्यातही पचन रोखणारी प्रथिने असतात, पण घाटे अळीच्या पोटातले रस त्या प्रथिनांचेच तुकडे करून टाकतात. कुलूप लावणाऱ्याचे कुलूपच चोराने गिळून पचवावे, असा प्रकार! ज्या झाडांशी या अळीची ओळख नाही, त्यांच्यातली अशी प्रथिने तिला जास्त बाधतात, असेही तिथल्या पुढच्या प्रयोगांत दिसले.

अन्नाचा परिणाम नुसता वजनावर होतो असेही नाही. अमेरिकेत ओकच्या झाडावर राहणारी एक अळी आहे. वसंतात जन्मलेल्या अळ्या ओकचा लोंबता मोहोर खातात आणि हुबेहूब मोहोरासारख्या दिसतात. उन्हाळ्यात जन्मलेल्या पाने खातात आणि काटकीसारख्या होतात. एरिक ग्रीन यांनी १९८९ साली दाखवले, की हा फरक ऋतूचा नसून जेवणातल्या टॅनिनचा आहे. अळ्यांची दुसरी एक केसाळ जात आजारी पडली की औषधही घेते. पोटात परजीवी माशीचे किडे वाढू लागले, की ती कडू अल्कलॉइड जास्त खाते आणि त्यामुळे वाचण्याची शक्यता वाढते. निरोगी अळीला तेच जास्त झाले, तर बाधते. २००९ साली हे प्रयोग प्रसिद्ध झाले.

क्षारच जेव्हा वैरी होतो

ज्या क्षाराच्या जोरावर अळी पाला पचवते, तोच तिचा कमकुवत दुवाही आहे. १९०१ साली जपानमध्ये रेशमाच्या अळ्या अचानक मरू लागण्याच्या एका रोगाचा शोध घेताना इशिवाता या शास्त्रज्ञाला एक जिवाणू सापडला. दहा वर्षांनी जर्मनीतील थुरिंगिया भागात पिठातल्या पतंगाच्या अळीत बर्लिनर यांनाही तसाच जिवाणू मिळाला. त्या प्रांतावरून त्याच्या नावात ‘थुरिंजिएन्सिस’ आले आणि बॅसिलस थुरिंजिएन्सिसचे ‘बीटी’ हे लघुरूप आज खेड्यापाड्यांत पोचले आहे. या जिवाणूत प्रथिनाचे बारीक स्फटिक असतात. अळीच्या क्षारयुक्त आतड्यात ते विरघळतात, तिच्या पाचक रसांनी त्यांचे विष मोकळे होते, ते आतड्याच्या पेशींवरच्या ठरावीक जागी चिकटते आणि भिंतीला भोके पाडते. अळी खाणे थांबवते आणि काही दिवसांत मरते. आपल्या पोटात आम्ल असते आणि विषाला चिकटायची ती जागाही नसते, म्हणून माणसाला त्याची बाधा होत नाही.

भारतात २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली, त्यामागचे तत्त्व हेच. सुरुवातीला बोंडअळ्या हटल्या. पुढे गुलाबी बोंडअळी या विषाला दाद देईनाशी झाली आणि २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात तिने हाहाकार उडवला. अळीचे आतडे बदलले, की माणसाचे गणित चुकते.

फवारणीसाठी बीटीची भुकटी आजही बाजारात मिळते आणि भाजीपाल्यावर ती चांगली मानतात, कारण मधमाशीसारख्या कीटकांना तिचा फारसा त्रास नाही. मात्र तिला कोबीवरची अळी कोणती आणि रेशमाची कोणती, हे कळत नाही. तुतीच्या पानावर तिचा अंश पडला, तर अख्खा रॅक आडवा होऊ शकतो. म्हणून ज्या बांधाच्या एका बाजूला कोबी आणि दुसऱ्या बाजूला तुती आहे, तिथे फवारणीचा पंप पाठीवर घेण्याआधी शेजाऱ्याला विचारून, वारा कुठे वाहतो आहे हे पाहावे लागते.